ऐनाचं रान आणि एक खोटं वाक्य

पास्कू,

तुझ्या पेटीवर मूठभर माती टाकली तेव्हा पाद्री लॅटिनमध्ये काहीतरी म्हणत होते. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. माझ्या शेजारी हिरू ठाकूर उभा होता, त्यालाही कळत नव्हतं. त्यानं हळूच विचारलं, "मास्तर, काय सांगत्यात?"

मी म्हणालो, "चांगला माणूस होता, असं सांगताहेत."

हिरूनं मान हलवली. "मंग बराबर सांगत्यात," म्हणाला.

तुला माती देऊन आज बारा दिवस झाले. माझ्या घरात कुणाचे दिवस घालायचे ते मला ठाऊक आहे, तुमच्या घरात काय करतात ते नाही. आणि दोन्हींतलं काही करायचा मला अधिकारही नाही. मी तुझा भाऊ नव्हे, तुझ्या धर्माचा नव्हे. ठाण्याच्या मराठी शाळेत एका पाटावर बसलेले आपण दोघे, एवढंच नातं. मला लिहिता येतं, म्हणून लिहायला बसलो आहे.

जे सांगायचं आहे ते सांगायला दोन वर्षं मिळाली होती. तू जिवंत होतास, तुझं घर मला ठाऊक होतं, मला तोंड होतं. मी सांगितलं नाही. आता सांगणार आहे, पण लगेच त्या गोष्टीवर यायचा धीर होत नाही. आधी थोडं मागचं बोलू दे.

तू कोपरीचा, खाडीकडच्या किरिस्तांव आळीतला. मी कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. घरी मला सगळे येसू म्हणत. तू मात्र पहिल्याच दिवशी म्हणालास, "ते आमच्या देवाचं नाव. तुला हाक मारली नि त्यानं ओ दिली तर मी काय करू?" आणि तू मला यशवंता म्हणू लागलास. पुढे मी कल्याणच्या शाळेत मास्तर झालो तसा तुझ्या तोंडीही मास्तर झालो. त्या नावात तू जरा चेष्टा मिसळायचास. ती मला आवडायची, हे तुला कधी कळू दिलं नाही.

तू जंगलखात्यात शिपाई म्हणून लागलास आणि नाकेदार झालास. मोहन्याला तुझी चौकी, आणि टिटवाळ्याच्या पलीकडे काळू नदीच्या अंगाचं ऐन-सागाचं रान तुझ्या राखणीला. तुझ्या खात्यातली माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणाला हुद्दा हवा असे, कुणाला शिकार, कुणाला नुसता खाकी अंगरखा. झाडांसाठी त्या नोकरीत राहिलेला माणूस मी एकच पाहिला, तू. चौकीवर तुला भेटायला आलो की तू आधी माझी ख्यालीखुशाली विचारत नसस. "चल, कुसुंबाला पालवी फुटलीय," म्हणून थेट चालू लागायचास. मी धोतर सावरत तुझ्या मागे.

एकदा तू म्हणालास, "मास्तर, कल्याणच्या लोकांना रानात आणलं पाहिजे."

"कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

"झाडं."

मी हसलो होतो. तुला आठवत असेल. मी म्हणालो, "अरे, झाडं म्हणजे काय कीर्तन आहे, लोकांनी जमून बघायला जायला? आमच्या गावात रान म्हटलं की वाघ, चोर आणि हिवताप एवढंच आठवतं लोकांना."

"म्हणूनच तर," तू म्हणालास. "ज्याची भीती वाटते ते तुटलं तर कुणाला दुःख होतं?"

तेव्हा मला ते पटलं नाही. शेवटी मला हलवलं ते माझ्या बायकोनं. ती आंबोलीच्या घाटाखालची. लग्न होऊन कल्याणला आल्यापासून तिनं विहीर, देऊळ आणि शेजारची ओटी ह्यांपलीकडे काही पाहिलं नव्हतं. तू ओटीवर बसून मला हे सांगत होतास, ती आत दाराआड ऐकत होती. तू गेल्यावर म्हणाली, "मी जाणार." इतकंच. कुठे, कशाला, लोक काय म्हणतील, ह्यातलं एक वाक्य नाही.

मग फाल्गुनातल्या एका रविवारी आपण निघालो. तुझी सकाळची प्रार्थना आटोपून तू कल्याणच्या स्टेशनावर आलास. आम्ही दोघं, माझी विधवा आत्या, बापूसाहेब वकील, त्यांची पत्नी, शाळेतले दोन मास्तर. बापूसाहेबांनी पायांत नवे जोडे घातले होते. टिटवाळ्याला उतरून गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि मग "जरा पुढे" जाऊन यायचं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. देवाचं निमित्त नसतं तर त्यातलं एकही माणूस आलं नसतं.

त्या दिवशी पळस असा फुलला होता की आत्या हात जोडून उभीच राहिली. तू काही शिकवलं नाहीस. मला वाटलं होतं नावं सांगशील, उपयोग सांगशील, साल कशाला लावतात आणि बी कशाला. तू एवढंच म्हणालास, "प्रत्येकानं एकेक झाड निवडा. त्याच्याखाली बसा. एक विडा चघळून संपेपर्यंत बोलू नका." बापूसाहेब म्हणाले, "आणि मग?" तू म्हणालास, "मग उठा."

बापूसाहेब कोर्टात तासन् तास बोलणारा माणूस. ते एका मोहाखाली बसले आणि विडा संपला तरी उठेनात. परतताना गाडीत म्हणाले, "पास्कल, लहानपणी आमच्या परसात एक जांभूळ होती. वडिलांनी तोडली. मला आज पहिल्यांदा तिची आठवण आली." आणि त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं.

माझी बायको एका कुंब्याला टेकून बसली होती. घरी आल्यावर पदराला सालीचा भुगा लागलेला दिसला. तिनं तो झटकला नाही.

दुपारी ओहोळावर पाणी प्यायला थांबलो तेव्हाचा प्रसंग मला लिहायलाच हवा. तू पळसाची पानं काड्यांनी टाचून भराभर द्रोण केलेस, एकात पाणी भरून बापूसाहेबांपुढे धरलंस. त्यांचा हात पुढे आला आणि थांबला. ते लाजले, पण घेऊ शकले नाहीत. तू क्षणभरही तोंड वाकडं केलं नाहीस. भरलेला द्रोण ओतून टाकलास, रिकामे द्रोण दगडावर मांडलेस आणि म्हणालास, "ओहोळाला जातबीत नाही. आपापलं भरून घ्या." सगळे प्यायले.

ते बघून मला बापूसाहेबांचा राग आला होता. पण पास्कू, माझ्या ओटीच्या कोपऱ्यात एक तांब्या वेगळा ठेवलेला असे. तो तुझा. तू आलास की आतून पाणी त्यातच ओतलं जाई, वरून. तू गेल्यावर तो तिथेच पालथा. इतकी वर्षं. मी मुलांना समतेचे धडे शिकवतो, मेळाव्यांत भाषणं करतो, आणि त्या तांब्याबद्दल घरात एक शब्द काढला नाही. तूही काढला नाहीस. आपण दोघे सगळ्या जगाबद्दल भांडलो, त्या एका तांब्याबद्दल भांडलो नाही. भांडायला हवं होतं.

त्यानंतर दर साल तीन-चार रविवार तू माणसं नेत राहिलास. गावात चेष्टा व्हायची. "नाकेदाराची झाडांची यात्रा निघाली," म्हणायचे. तरी माणसं वाढतच गेली. बायका जास्त. डोंबिवलीहून दोन बहिणी येत, त्या नुसत्या तामणाचा फुलोरा बघायला. आत्या शेवटच्या आजारात मला म्हणाली होती, काशीला नेऊ नकोस, पळस फुलला असेल तर तिकडे ने. नेता आलं नाही. तू एक फांदी घेऊन आलास. ती फांदी मात्र आम्ही आत घेतली.

मग सरकारची नवी हद्द आली. रानाच्या कडेनं दगड रचले गेले, आणि दगडाच्या आतल्या झाडाला कोयता लावायचा नाही असा हुकूम झाला. काळूकाठच्या ठाकूरवाडीतली माणसं पिढ्यान् पिढ्या त्याच रानातून ऐनाचे टहाळे तोडून आणत, शेताच्या कोपऱ्यात पसरून जाळत आणि त्या राखेवर भाताचा राब पेरत. राब भाजला नाही तर रोप धरत नाही. हे मला माहीत होतं, तुलाही होतं. तरी माघात तू हिरूला धरलंस. तो ऐनावर चढलेला होता, कोयता हातात. तू त्याला खाली उतरवलंस, कल्याणला नेलंस, आणि पंधरा दिवस तो कोठडीत बसला. ते दिवस टहाळ तोडायचे होते. त्या पावसाळ्यात त्याचं अर्धं शेत पडीक राहिलं.

आपलं मोठं भांडण त्यावरूनच झालं, माझ्याच ओटीवर.

मी म्हणालो, "सरकार रान राखतं ते काय रानावर माया म्हणून? आगगाडीच्या रुळांखाली घालायला लाकूड लागतं म्हणून. आणि त्यापायी तू एका गरिबाला कोठडीत घालतोस!"

"सरकार कशासाठी राखतं ते सरकारला ठावं. मी राखतो ते माझ्यासाठी."

"आणि हिरूनं खायचं काय?"

"तू ते ऐन बघितलेस? सगळ्या फांद्या तोडलेल्या. हात छाटलेल्या माणसासारखे उभे आहेत. असे दहा साल तोडले तर हिरूच्या मुलाला तोडायलाही ऐन नाय उरायचा."

"म्हणून आज हिरूला उपाशी ठेवायचं?"

तू उठलास. तुझा चेहरा लाल झाला होता. म्हणालास, "मना नाय कळत, मास्तर. मना दोन्ही दिसतात, नि दोन्हींसाठी एकच रान आहे. तुला एक दिसतं, म्हणून तुझा आवाज मोठा."

आणि तू निघून गेलास. पायऱ्या उतरताना वळून बघितलंस की नाही ते मला आठवत नाही. मी आत निघून गेलो होतो.

भाद्रपदात हिरू माझ्याकडे आला. शाळा सुटली होती. दाराबाहेर उकिडवा बसून म्हणाला, "मास्तर, जंगलच्या साहेबाला अर्ज करायचाय. लिवून देता?" मी म्हणालो, बोल. तो इतकं मुद्देसूद बोलला की मला नवल वाटलं. टहाळ पुरा बंद नको. रानाचे दोन भाग करा, एक साल एका भागात तोडू द्या, दुसऱ्या साली दुसऱ्या भागात. झाडाचा शेंडा कुणी तोडायचा नाही. सागाला कुणी हात लावायचा नाही. आणि आग लागली तर आग विझवायला आख्खी वाडी येईल. मी ते सगळं लिहिलं. चांगला अर्ज होता.

तो तिथेच संपवायला हवा होता. मी तो परत वाचला आणि मला वाटलं, हे नुसतं राबाचं वाचून साहेब बाजूला ठेवील. त्याला धक्का बसेल असं काही हवं. म्हणून शेवटी मी एक वाक्य घातलं: सदर भागाचा नाकेदार हा स्वभावाने क्रूर असून गोरगरिबांस त्यांच्या बायकामुलांसमोर मारहाण करतो.

हिरूनं असं काही सांगितलं नव्हतं. मीही तुला कधी कुणावर हात उगारताना पाहिलं नव्हतं. उलट हिरूच मला म्हणाला होता की, कल्याणला नेताना तू त्याचे हात बांधले नाहीस आणि वाटेत तुझ्या भाकरीतली अर्धी त्याला दिलीस. तरी मी ते लिहिलं. साहेबाला हलवायचं होतं हे खरं, पण ते अर्धंच खरं आहे. माझ्या मनात तुझं ते वाक्य खुपत होतं, माझा आवाज मोठा असल्याचं. हिरूला वाचता येत नव्हतं. त्यानं अंगठा केला.

अर्जाखाली लिहिणाराचं नाव असतं. मी घातलं नाही.

दिवाळीनंतर साहेबांनी मला डाक बंगल्यावर बोलावलं. अक्षर कुणीतरी ओळखलं होतं. साहेब मराठी बरं बोलत. म्हणाले, "हा अर्ज तुम्ही लिहिला?" मी हो म्हणालो. "आमच्या खात्यातल्या कुणी ह्या लोकांना चिथावलं का? खरं सांगा." मी म्हणालो, "नाही. माझ्या माहितीत कुणी नाही." त्यांनी मला जायला सांगितलं. त्या वाक्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? ह्या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षं शोधतो आहे, आणि दर वेळी ते वेगळं येतं.

हुकूम झाला. एक साल आड एका भागात टहाळ तोडायची परवानगी मिळाली, शेंडा राखायच्या अटीवर. वाडीत आनंद झाला. आणि त्याच आठवड्यात तुझी बदली झाली, शहापूरच्या पलीकडे, माहुलीच्या पायथ्याच्या दाट रानात. तिथं पावसाळा काढून धडधाकट परत आलेला शिपाई मी ऐकला नव्हता.

तू निरोप घ्यायला आलास. ओटीवर बसलास. मी म्हणालो, "असं अचानक कसं रे?" माझं मलाच ऐकू आलं, किती खोटं वाटत होतं ते. तू म्हणालास, "खातं आहे. हलवतं." मग म्हणालास, "रविवारच्या माणसांना तू ने आता." मी हो म्हणालो आणि एकदाही नेलं नाही. तुझ्याशिवाय मला त्या रानात जाववेना, आणि का जाववेना ते मला नीट ठाऊक होतं.

दोन पावसाळे तू तिथे काढलेस. पत्रं यायची. बदलीबद्दल त्यात एक अक्षर नसे. शिसवीचा एक बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही, असं एकदा लिहिलंस. एकदा लिहिलंस की माहुलीखाली बहावा फुलतो तेव्हा झाडावर पान शोधावं लागतं, वहिनींना हे दाखवलं पाहिजे. ते पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपण जाऊ या." मी म्हणालो, बघू.

ह्या आश्विनात तुला तापातच घरी आणलं. मी कोपरीला आलो तेव्हा तू अंगणात खाटेवर होतास. पोट फुगलेलं, डोळे पिवळे, हातांच्या काड्या. मला बघून हसलास. "मास्तर, बस. खाट मजबूत आहे, सागाची आहे," म्हणालास. मी बसलो. तू माहुलीच्या रानाबद्दल बोलत राहिलास, मध्येच थरथरायचास, थांबायचास, पुन्हा बोलायचास. सांगायचं ते माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालोही, "पास्कू, मला एक..." तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "आज नको. आज दमलोय." मी म्हणालो, बरं, पुढच्या रविवारी येतो.

पुढच्या रविवारी मी आलो तो तुला पोचवायलाच.

हिरू आणि त्याच्या वाडीतली सहा माणसं टिटवाळ्याहून चालत आली होती. चर्चच्या फाटकाबाहेर उभी होती, आत यायचं की नाही ते कळत नव्हतं त्यांना. रोझा वहिनींनी पाहिलं. नवऱ्याच्या पेटीमागून चालणारी ती बाई थांबली, वळून फाटकाकडे गेली आणि म्हणाली, "आत या. त्यांचीच माणसं ना तुमी?" त्यांनी ऐनाचा एकेक डहाळा आणला होता. पाद्रींनी ते आत आणू दिले.

तिसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्या एकट्याच होत्या, तुझे खात्याचे कपडे धुऊन दोरीवर घालत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, मला काही सांगायचंय," आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अर्ज, ते वाक्य, नाव न घालणं, बंगला. एक गोष्ट मागे ठेवली नाही. त्या अंगरखा पिळत होत्या, पिळायच्या थांबल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "भावजी, हिरूला तुमच्याकडं कोणी धाडला?"

"कुणी? तो आपणहून आला."

"यांनी धाडला." त्यांनी अंगरखा दोरीवर टाकला. "हिरू सुटून आला ना, तवापासून हे त्याच्या वाडीवर जायचे. तो कसा तोडतो, कुठं तोडतो, बघत बसायचे. एक दिवस घरी येऊन बोलले, रोझा, हिरूला माझ्यापरीस जास्त कळतं. अर्जात काय मागायचं ते दोघांनी बसून ठरवलं. मग हे बोलले, आता मास्तरकडं जा. माझं नाव काढू नको."



"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तुमाला साहेबानं विचारलं ना, खात्यातला कोण हाय का मागं? तुमी कोण नाय असं बोललात. ठावं असतं तर बोलू शकला असता?" त्या माझ्याकडे बघत होत्या. "हे बोलायचे, मास्तरला खोटं बोलता येत नाय, तोंडावर दिसतं."

मी म्हणालो, "मला लिहिता येतं, वहिनी. खोटं मला लिहिता येतं."

मग म्हणाल्या, "ते वाक्य साहेबानं यांना वाचून दाखवलेलं. मारतोस काय म्हणून विचारलं. हे गप राहिले. मारत नाय असं बोलले असते तर सगळाच अर्ज खोटा ठरला असता, टहाळबी गेला असता. घरी आले, जेवले, नि मना बोलले, मास्तरनं मीठ जरा जास्तच टाकलं." वहिनींचा आवाज तिथे फुटला. "मना राग आलेला, भावजी. मी तुमाला लय शिव्या दिलेल्या. खोटं नाय सांगत."

"द्यायलाच हव्या होत्या."

त्यांनी डोळे पुसले, आत गेल्या आणि माझ्यासाठी पाणी आणलं, घरातल्या पेल्यात. मी ते घेतलं आणि तोंडाला लावून प्यायलो. फार उशिरा प्यायलो, पास्कू, हे मला कळतं.

आता तुझ्यावर रागावू दे मला थोडं. तू मला वाचवलंस, अर्ज वाचवलास, हिरूचा राब वाचवलास, आणि स्वतःचं काय करून घेतलंस? निरोपाच्या दिवशी ओटीवर बसून एकदा म्हणाला असतास, मास्तर, ते वाक्य का घातलंस, तर मी तुझ्या पायांवर डोकं ठेवलं असतं, साहेबाकडे धावत गेलो असतो. खरंच गेलो असतो का? मला वाटतं, तू मला तेवढं ओळखून होतास. म्हणून विचारलं नाहीस. तुझ्या त्या गप्प बसण्यात माया किती होती आणि माझ्याविषयीची निराशा किती, ते मला आता कधीच कळायचं नाही. आपलं भांडण अर्धं राहिलं आहे. दोन्ही दिसणारा माणूस गेला, आणि एकच दिसणारा मागे राहिला.

मी जंगलखात्याच्या साहेबांना पत्र लिहिलं आहे. त्या अर्जातली राबाची आणि टहाळाची हकिगत अक्षर न् अक्षर खरी आहे, आणि नाकेदाराविषयीचं वाक्य अक्षर न् अक्षर खोटं आहे, ते मी माझ्या मनानं घातलं, असं त्यात स्पष्ट आहे. हा लेखही मी ठाण्याच्या एका वृत्तपत्राकडे छापायला देतो आहे. तुझा भाग त्यात उघड करावा की नाही म्हणून वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिवा. आता त्यांची कुठं बदली करणार हायत?" शाळेत माझं काय होईल ते सांगता येत नाही. हेडमास्तरांच्या कानावर घातलं आहे. ते म्हणाले, "यशवंतराव, विचार करा." मी म्हणालो, दोन वर्षं तोच केला.

आणि गेल्या रविवारी आम्ही रानात गेलो होतो. बापूसाहेब स्वतः घरी आले आणि म्हणाले, "पास्कलसाठी जायचं." बायको तयारच होती. रोझा वहिनीही आल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी तुझं रान कधी पाहिलं नव्हतं. तू सगळ्या कल्याणला नेलंस, त्यांना न्यायचं राहून गेलं. टिटवाळ्यापासून आम्ही सावकाश चाललो. गवत वाळायला लागलं आहे. हिरूच्या वाडीकडचे ऐन दोन सालांत भरले आहेत, शेंडे सगळे शाबूत. माझी बायको आणि वहिनी एका सावलीत टेकल्या, आणि बायकोनं आपल्या पुरचुंडीतली भाकरी मोडून त्यांच्या हातावर ठेवली. दोघी खूप वेळ बोलत होत्या. काय ते मी विचारलं नाही.

उठून थोडं पुढे गेलो तर नाल्याच्या काठाला एक झाड दिसलं. उंच नाही. पानं जाड, मागच्या बाजूला लव, आणि फांद्यांना बारीक हिरव्या फळांचे झुपके. मी ह्या वाटेनं इतक्या वेळा गेलो असेन, पण ते कधी पाहिल्याचं आठवेना. वहिनींनी विचारलं, "ह्याला काय बोलतात?"

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. आणि मग आम्ही सगळ्यांनीच मागे वळून पाहिलं. तू नेहमी शेवटी चालायचास ना, कुणी मागे राहू नये म्हणून.

मागे वाट होती, आणि तिच्यावर कुणी नव्हतं.